पडलं तर खाऊ

काकूंच्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, पंख्याखाली, एक स्कूटी गार होत उभी होती. अनारशांची चाकं, करंज्यांची सीट आणि जाड शेवेचं हँडल. मी विरजण मागायला गेले होते, ते विसरून वाटी हातात धरून नुसती बघत राहिले.

"बघ, पण ढकलू नकोस. ब्रेक लावायचे राहिलेत," काकू म्हणाल्या.

लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदरला, नवघर भागात राहायला आलो त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. मी कॉलेजात होते. काकू आमच्या वरच्या मजल्यावर. इमारतीतले लहानथोर सगळे त्यांना काकूच म्हणत, त्यामुळे आईही काकूच म्हणायला लागली. नवघर-गोडदेव भागात कुणाकडे मुलीचं लग्न निघालं की रुखवताचं सांगायला लोक काकूंकडे यायचे. पण रुखवत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते काकूंकडे मिळायचं नाही. थर्माकोलची सप्तपदी नाही, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी नाहीत, मोती डकवलेलं तुळशीवृंदावन नाही. हे सगळं हल्ली दुकानात तयार मिळतं. आणायचं, मांडायचं आणि पुढे 'वधूच्या हातचे' अशी पाटी लावायची. काकूंचं मात्र सगळं खायचं. चिकटवायचं ते साखरेच्या पाकाने, बांधायचं ते शेवयांनी. आणि जे करायचं ते त्या मुलीचं असायला हवं. ती स्कूटी जिच्यासाठी होती तिने म्हणे आपल्या चाळीतल्या अर्ध्या बायकांना गाडी शिकवली होती.

"पण काकू, हे मांडवात पडलं तर?" मी विचारलं. हा प्रश्न मला आधी सुचला, छान आहे म्हणायचं नंतर सुचलं. माझा स्वभावच तो.

"उभं राहिलं तर रुखवत, पडलं तर खाऊ," काकू म्हणाल्या आणि एक अनारसा माझ्या वाटीत टाकला. तो चाकाच्या मापात बसला नव्हता.

पडलेलं खाण्याचं काम मुख्यत्वे काकांकडे होतं. काकांनी आयुष्यात किती देवळं, किती नावा आणि किती विमानं खाल्ली याला गणती नाही. पुढे त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता काकू थांबतील. काकूंनी तिखटाच्या इमारती सुरू केल्या. शंकरपाळ्यांत ओवा-तिखट घातलं, चकल्यांचे खांब केले, आणि काका पुन्हा कामावर रुजू झाले.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ती नोकरी संपून किती वर्षं झाली होती, पण सवय गेली नव्हती. बोलता बोलता कुकरची शिट्टी झाली की "लाइनवर राहा" म्हणून आत जायच्या आणि परत येऊन, ज्या शब्दावर थांबल्या होत्या बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. मध्ये आपण विषय बदलला असेल तर आपली चूक. कानात दोन वेगवेगळी कानातली असायची. एक जोडीतलं हरवलं म्हणून नाही. एकसारखी घातली की दुसरा कान फुकट जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजारात रोज वेगळ्या गल्लीने जायच्या. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन जिन्यात भेटल्या की पातेल्यात डोकावून विचारायच्या, "आ शुं बनाव्युं, काकी?"

"अभी मेरेको भी मालूम नहीं, बेन. बनने दो, फिर बताती."

आणि हे खरं असायचं. काकूंना खरोखरच ठाऊक नसायचं. एकदा एका नर्स मुलीसाठी त्या गुलाबजामांचं काहीतरी करत होत्या. सकाळी तो दवाखाना होता, दुपारी त्यांनी त्याला पायऱ्या काढल्या आणि संध्याकाळी तो रायगड झाला. मुलीच्या आईने बिचकत विचारलं की नर्सचा आणि किल्ल्याचा संबंध काय. काकू म्हणाल्या, "बारा-बारा तास ड्युटी करून घरी परत येते ना? मग? किल्ला लढवते ती."

त्यांच्याकडे लग्नाळू मुली मदतीला येऊन बसायच्या. आल्याबरोबर काकू त्यांचे मोबाईल मागून घ्यायच्या आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवायच्या. कारण मोबाईल हातात असला की मुली दुसऱ्या कुणाच्या रुखवताचे फोटो बघतात, आणि एकदा फोटो बघितला की हात त्याच्याच मागे जातो. डब्यातून रिंग वाजायची, तांदूळ थरथरायचे, काकू ढिम्म. वस्तू पुरी झाली की त्या चांगली म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. एकच विचारायच्या, "करताना कंटाळा आला का?" नाही म्हटलं की "मग झालं," म्हणून हात धुवायला जायच्या.

गोडदेवच्या एका लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या व्हायच्या नाहीत. मुलीची आई गावातली जुनी, मासळी विकणारी. तिने येऊन सांगितलं, "काकी, पोर पल्याड चालली, वसईला. मला खाडीवरचा पूल करून दे. पूल न्हाय तर पोर म्हायेरला येल कशी?"

काकूंनी चिरोट्यांचा पूल केला. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली चकल्यांचे खांब. मी तेव्हा त्यांच्याबरोबर गेले होते. पूल मांडला, बघायला गर्दी झाली, मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात वरात आली आणि दारातच डीजेने दणका दिला. टेबल हादरलं. पूल मधोमध बसला आणि चिरोटे खाली आले.

कुणीतरी हळूच 'अपशकुन' म्हणालं. काकूंनी मात्र पदर खोचला, ताटात तुकडे भरले आणि पहिलं ताट थेट डीजेवाल्यासमोर धरलं. "ले भाई, तूने गिराया, पहले तू खा." मग तशाच नवऱ्याकडच्या बायकांकडे वळल्या. "पूल पडला नाही, वाटलाय. अर्धा अलीकडच्यांनी खायचा, अर्धा पलीकडच्यांनी. आता ये-जा कोण थांबवतंय बघू." मुलीच्या आईने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "पडला तरी ग्वाड हाय गं!" आणि मग त्या मांडवात जो हशा झाला तो डीजेपेक्षा मोठा होता.

परत येताना रिक्षात मी काकूंना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पोटात धाकधूक होते माझ्या, दर वेळी. पण मी उभा जन्म एक्स्चेंजमध्ये बसून एकच वाक्य बोलले गं. प्रतीक्षा करा, आपला कॉल जोडत आहोत. सकाळपासून तेच. चूक नाही, काही नाही. घरी आले की वाटायचं आज मी काही बोललेच नाही. त्यापेक्षा ही धाकधूक बरी."

मला हे पटलं होतं, पण दुसऱ्याच्या रुखवतापुरतं. मी स्वतः मोजूनमापून जगणारी. शिक्षण संपवून ऑफिसला लागले ते कामही तसंच मिळालं, तयार तक्त्यात आकडे भरायचे. स्वयंपाक करताना पुस्तकात अर्धा चमचा लिहिलं असेल तर मी चमच्यावर सुरी फिरवून अर्धा करायची.

माझं लग्न ठरलं आणि घरात आनंदाच्या बरोबरीने एक धास्ती शिरली. तिचं कारण माझ्या जन्माच्याही आधीचं. आईचं माहेर लातूरकडच्या एका खेड्यातलं. तिच्या लग्नात आजीने आणि मावश्यांनी मिळून रुखवत केलं होतं: हाताने वळलेल्या शेवया, कुरडया, पापड, सांडगे. महिनाभर अंगणात उन्हं धरून वाळवलेलं. मुंबईकर सासरच्या बायका ते बघायला आल्या आणि बाबांच्या आत्याने टोपलीकडे बोट करून विचारलं, "हे रुखवत आहे की महिन्याचं वाणसामान?" सगळे हसले. ते वाक्य लालबागच्या त्या खोलीत पुढे सणावाराला, पाहुणे आले की, शेवयांची खीर केली की, निघायचं. आईने पुढे शेवया करणंच सोडून दिलं. आत्या गेल्या, वाक्य राहिलं. आई यावर कधी उलट बोलली नाही, पण ती कशाला घाबरते हे मला ठाऊक होतं.

त्यात साखरपुड्याच्या दिवशी माझ्या होणाऱ्या सासूबाई जाता जाता म्हणाल्या, "आमच्याकडे रुखवत बघायला सगळ्या येतात हं." त्या कल्याणच्या. बोलणं कमी, चष्म्यातून बघणं जास्त. बस, एवढं एकच वाक्य, पण आईची झोप उडाली. तिने बाजारात जाऊन तयार सेट बघून ठेवला. पाटीसकट. बाबांनी नेहमीसारखं "तुम्ही ठरवा" म्हणून पेपर उघडला.

संध्याकाळी काकू खाली आल्या. "वहिनी, दुकानातलं काही आणायचं नाही. मी करते. पण एक वस्तू हिने करायची. एकटीने. मी हात लावणार नाही."

"काकू, ही? हिला पोळीसुद्धा वाटीने कापून गोल करावी लागते हो!" आई म्हणाली. खोटं नव्हतं.

"म्हणूनच," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझा मोबाईल तांदळाच्या डब्यात गेला. समोर परात, रवा, तूप, साखर. आणि माझं डोकं रिकामं. मी दोनदा मोदकाचा साचा हातात घेतला, काकूंनी दोनदा काढून घेतला. शेवटी त्यांनी विचारलं, "इथे आल्यापासून डोळ्यांत राहिलंय असं काय आहे तुझ्या?"

तेव्हा मला गच्ची आठवली. नवघरला आलो तेव्हा पहिले काही दिवस मला रडायला यायचं. लालबागची मैत्रीण नाही, ओळखीचा माणूस नाही. मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन उभी राहायची. दूरवर पाण्याचे चौकोन आणि त्यांच्या काठाने पांढरे ढीग दिसायचे, ऊन कलतं झालं की गुलाबी व्हायचे. ते काय आहे हे मला कळायचं नाही. मी काकूंनाच विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "मीठ आहे ते. मिठागरं." त्या दिवशी मला भाईंदर पहिल्यांदा जरा आपलं वाटलं होतं.

"मिठागरं," मी म्हणाले.

"मग? वाट कसली बघतेस?"

रव्याच्या लाडवांचे मी टोकदार ढीग वळले. वरून पिठीसाखर भुरभुरवली, म्हणजे मीठ. ताटांत चायना ग्रासची जेली ओतून पाण्याचे चौकोन केले आणि शंकरपाळ्यांचे बांध घातले. पहिला ढीग एका बाजूला कलला. मी मोडून पुन्हा वळायला घेतला तर काकू म्हणाल्या, "फावड्याने ओढलेला ढीग सरळ असतो होय?" मी तो तसाच ठेवला. मग दुसरा मुद्दाम थोडा बसका केला. तिसऱ्यापासून मला काही आठवत नाही. आई हाका मारत होती ते ऐकूच आलं नाही म्हणतात.

आईने ते बघितलं आणि ती चरकली. "अगं, सासरी जाताना मीठ मांडायचं? मीठ कुणाच्या हातातसुद्धा देत नाहीत, भांडण होतं!"

"मीठ कुठे आहे, वहिनी? साखर आहे ती," काकू म्हणाल्या.

लग्न मे महिन्यात होतं, भाईंदरच्याच एका हॉलमध्ये. पुढचं जे सांगते त्यातला अर्धा भाग मला नंतर आईकडून कळला, कारण मी आतल्या खोलीत केसांत गजरे माळून घेत होते.

रुखवत मांडून झालं होतं. काकूंनी बाबांसाठी पापड्यांचा उघडा पेपर केला होता, आईचं शिवणयंत्र केलं होतं, आणि मध्यभागी माझी मिठागरं. पण मे महिन्यातला आमच्याकडचा दमटपणा तुम्हाला माहीत आहे. तासाभरात पिठीसाखरेला पाणी सुटलं. पांढरे ढीग पिवळट पडले आणि खालचा रवा दिसायला लागला. आता ते मिठागर वाटेना, काही वाटेना. नुसते वेडेवाकडे लाडू. आईला ती शेवयांची टोपली आठवली. काकू नेमक्या माझ्याकडे आत आल्या होत्या. आई धावत हॉलच्या स्वयंपाकघरात गेली. आचारी पुऱ्यांच्या घाईत.

"भैया, वो सफेद बारीकवाला थोडा दो ना, जल्दी!"

त्याने मान न वळवता वाडगा भरून दिला. आईने परत येऊन ढिगांवर भुरभुरवलं. ओल्या साखरेवर ते मस्त चिकटलं, ढीग आधीपेक्षाही पांढरेशुभ्र झाले. आईला बरं वाटलं. तिने बोट चाटलं.

मीठ होतं.

पुसायला जावं तर ते पक्कं बसलेलं. तोवर मंगलाष्टकं सुरू झाली, तिला हलता येईना. अक्षता टाकताना आईचं लक्ष नव्हतं, आणि मला वाटलं की लेक चालली म्हणून. अक्षता पडल्याबरोबर तिने काकूंना गाठलं. काकूंनी एका ढिगाचा कण जिभेवर ठेवला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "पण दिसतंय झकास."

"काकू, काहीतरी करा हो! त्या चाखतील!"

"चाखतीलच. चाखायलाच ठेवलंय. आता लाइनवर राहा, वहिनी."

फोटोग्राफरने आम्हा दोघांना रुखवतापाशी उभं केलं तेव्हा कल्याणच्या सगळ्या बायका टेबलाभोवती होत्याच. सासूबाई मिठागरांपुढे थांबल्या. चष्मा वर केला.

"हे काय आहे गं?"

"मिठागरं. आमच्या गच्चीवरून दिसतात," मी म्हणाले. "मी केलीत."

"रुखवतात मीठ?" मागून चुलत सासूबाई म्हणाल्या. "ऐकावं ते नवलच!"

सासूबाईंनी त्या कललेल्या ढिगाचं टोक मोडलं आणि तोंडात टाकलं. त्यांचा जबडा एकदा हलला आणि थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं रवा कच्चा राहिला.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

मी काकूंकडे बघितलं. काकू हॉलच्या पंख्याकडे बघत होत्या. काकूंनी आता काहीतरी बोलावं, गोडदेवसारखं ताट फिरवावं, असं मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्या बोलल्या नाहीत. बोलली ती आई.

"लाडू हिने केलेत. चांगले झालेत," आई म्हणाली. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "मीठ मी घातलंय. साखरेला पाणी सुटलं, म्हणून मी धावत जाऊन आचाऱ्याकडून आणलं, ते मीठ निघालं. चूक झाली ती माझी. पण हे हिने स्वतः केलंय, कुठलंही दुकानातलं नाही. आणि मला ते आवडलंय."

मी आईला भरल्या घरात असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. लग्नातली माझी पहिली खरी रडारड तिथे झाली, पाठवणीला नाही.

सासूबाईंनी तोंडातलं गिळलं. पुन्हा त्या चौकोनांकडे बघितलं, शंकरपाळ्यांच्या बांधाकडे बघितलं.

"मिठागर आहे, तर गोड कसं असेल?" त्या म्हणाल्या. मग चुलत सासूबाईंना, "त्या फळांच्या टोपलीतली कैरी घे गं एक. सुरी आहे का कुणाकडे?"

सुरी हॉलच्या स्वयंपाकघरातून आली. सासूबाईंनी तिथेच उभ्याने कैरी चिरली, फोड ढिगावर घासली आणि डोळे बारीक करून खाल्ली. मग काय विचारता. शालूतल्या, नथीतल्या सगळ्या बायका कैरीच्या फोडी घेऊन माझ्या मिठागरांवर तुटून पडल्या. नवलच म्हणणाऱ्या चुलत सासूबाईंनी तर दोन ढीग पार खरवडून काढले. मीठ गेलं, खाली साखरेचा गोड लाडू लागला, त्यावर पुन्हा हशा. फोटोग्राफर म्हणत होता, "मॅडम, इकडे बघा," आणि कुणी बघत नव्हतं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये रुखवताचा जो फोटो आहे त्यात सगळ्यांची तोंडं आंबट झालेली आहेत.

आईचा जीव भांड्यात पडला. ती मटकन खुर्चीत बसली. सासूबाई कैरीची फोड हातात घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "विहीणबाई, एक सांगू? माझं रुखवत उसनं होतं. आमच्या मावशीच्या शेजारणीकडून आणलेलं. लग्न लागलं आणि परत दिलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं." दोघी हसायला लागल्या ते जेवायला बोलावलं तरी थांबेनात.

पंगत उठल्यावर काकू आईपाशी आल्या. "वहिनी, कंटाळा आला का हो?"

"कंटाळा कसला, काकू! घाम फुटला नुसता."

"मग झालं," म्हणून काकू हात धुवायला गेल्या.

मी काही त्यानंतर कलावंत बिलावंत झाले नाही. तक्त्यात आकडे भरायचं काम अजून करतेय. पण चमच्यावर सुरी फिरवणं सुटलं. आमटीत एखाद दिवशी काहीतरी भलतंच पडतं, आणि नवऱ्याचा चेहरा बघून मी सांगते की हा प्रयोग आहे, उद्या नसेल. ऑफिसातले एक साहेब निवृत्त झाले तेव्हा नेहमीच्या छापील शुभेच्छा वाचून दाखवायची पाळी माझी होती. मी कागद घडी करून ठेवला आणि साहेब लिफ्टची वाट बघताना गुणगुणतात, त्याबद्दल बोलले. मध्ये एकदा वाक्य विसरले. पडलं तर खाऊ, म्हणून पुढे गेले. साहेब रुमाल शोधत होते. धाकधूक होतीच, पण घरी आल्यावर वाटलं की आज मी काहीतरी बोलले.

काकू आता मुलाबरोबर जवळच, बेव्हर्ली पार्क नावाच्या नव्या वस्तीत राहतात. तिथला ओटा गुळगुळीत दगडाचा, त्यावर पाक सांडला तर सून काही बोलत नाही, पण बघते. काकूंना वयाने हात थोडे कापतात. त्या म्हणतात बरं आहे, आता मुद्दाम वाकडं करावं लागत नाही. आई आठवड्यातून दोनदा रिक्षाने त्यांच्याकडे जाते. नवघरची काही रुखवतं आता दोघींची मिळून असतात. मी एकदा सहज गेले तर दार उघडून आईने आधी माझा मोबाईल मागितला.

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. तिच्या रुखवतातली मधली वस्तू कोणती आहे हे आईने मला, मामीला, कुणालाच सांगितलं नव्हतं. हॉलवर तिने वरचं कापड काढलं आणि मी बघतच राहिले. आईच्या माहेरचं घर होतं ते. पापडांच्या भिंती, कुरडयांचं कुंपण, आणि वर शेवयांचं छप्पर. हाताने वळलेल्या शेवया. इतक्या वर्षांत आईने शेवयांना हात लावलेला मी बघितला नव्हता. मामी तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली.

"सर, टेबल जरा उजेडात घ्या," फोटोग्राफर म्हणाला. दोघांनी टेबल उचललं, एकाचा पाय अडखळला, आणि छप्पर सरकत सरकत सगळंच्या सगळं खाली आलं. पापड फुटले. टेबलावर शेवयांचा नुसता ढीग.

मी आधी आईकडे बघितलं. शेजारी खुर्चीत काकू बसल्या होत्या, दोन वेगवेगळी कानातली घालून, पंख्याकडे बघत.

आईने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी शेवया परातीत गोळा केल्या.

"अगं बघतेस काय?" ती मला म्हणाली. "आचाऱ्याला सांग दूध तापव म्हणून. आणि साखर त्याने घालायची नाही. साखर मी घालणार आहे, चाखून."